पेठ नाक्यावरून सरळ

पुणे, ७ डिसेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगायला घेतले की आईचा आवाज ऐकूनच माझा धीर सुटतो, म्हणून पत्र लिहिते आहे. यंदा डिसेंबरच्या रजेत आम्ही सांगलीला येत नाही. शनिवार २० ते मंगळवार २३ डिसेंबर असे चार दिवस आम्ही दोघे गोव्याला जाणार आहोत. रजा मंजूर झाली आहे आणि खोलीचे पैसेही भरले आहेत.

नाताळात जा आणि आधीचे चार दिवस इकडे या, असे आई म्हणेल. पण माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोघी, एक वसईची आणि एक अहिल्यानगरची, नाताळला आपापल्या घरी जातात. दिवाळीत भाऊबीजेपर्यंत मी तुमच्याकडे निवांत राहू शकले, ते त्यांनी माझ्या रात्रपाळ्या केल्या म्हणून. २४ ते २६ डिसेंबर त्यांच्या पाळ्या मी करायच्या, हे आमचे तेव्हाच ठरले होते. शिवाय या रजा वर्षअखेर बुडणाऱ्या आहेत. बाबांच्या मोतीबिंदूसाठी जानेवारीतल्या नव्या रजांपैकी सात दिवस मी बाजूला ठेवले आहेत, त्यांना हात लागणार नाही. १० जानेवारीच्या शनिवारी मी येते आणि संक्रांत करूनच परतते.

आमच्या लग्नाला सहा वर्षे झाली. पहिले वर्ष संपत नाही तोच टाळेबंदी आली, नंतर बाबांचे ऑपरेशन, मग सासूबाईंचे आजारपण. जे केले ते आपल्या माणसांसाठी केले, त्यामुळे त्याबद्दल मनात काही नाही. पण अलीकडे आम्हा दोघांचे बोलणे किराणा, हप्ते आणि कोण किती वाजता घरी येणार एवढ्यावरच येऊन थांबते, आणि ते मला बरे वाटत नाही. तुमचे जावई तर 'आधी सांगलीला जाऊ' असेच म्हणत होते. गोव्याचा आग्रह माझा आहे, त्यांच्यावर रागावू नका.

सगळ्यांत कठीण गोष्ट आता लिहिते. आमची गाडी पेठ नाक्यावरून जाणार आहे. तिथून सांगली तासाभरावर आहे आणि आम्ही वळणार नाही. वळलो तर आई जेवल्याशिवाय सोडणार नाही, मग अंबोलीचा घाट अंधारात उतरावा लागेल, आणि परतताना दुसऱ्या दिवशीच्या पाळीची घाई असेल. हे सगळे खरे आहे, पण एकदा घरात पाऊल टाकले की मलाच निघवणार नाही, हे त्याहून खरे आहे.

आई, १९ तारखेला अमावास्या आहे हे मी पाहिले आहे. शनिवारी सकाळी सव्वासातच्या सुमारास ती संपते, आम्ही आठला निघू.

बाबा, आजऱ्याच्या पुढे गेल्यावर मला ती एसटी आठवणारच. मला गाडी लागली होती आणि सबंध घाटभर तुम्ही माझे कपाळ तुमच्या तळहाताने धरून ठेवले होते. पणजीत घराघरांवर टांगलेले तारे पाहून मी 'इथे अजून दिवाळी आहे का' असे विचारले होते. तो घेतलेला कागदी तारा अजून माळ्यावर आहे ना? शिरोड्याचा प्रसंग मात्र मी यांना अजून सांगितलेला नाही, तो तुम्हीच सांगा.

आता माझे ऐका. बाबा, उन्हे वर आल्याशिवाय आयर्विन पुलावर फिरायला जायचे नाही आणि कानटोपी घालायची. रक्तदाबाच्या गोळ्या मी डबीत वारांप्रमाणे लावून ठेवल्या आहेत, बरे वाटते म्हणून एकही वगळायची नाही. आई, शेवटच्या गुरुवारी, १८ तारखेला, उद्यापनाला मी नाही, म्हणून सगळे एकटीने करायला जाऊ नकोस. पुरणपोळ्या बाहेरून सांग, मी पैसे पाठवते. दिवसभर उपाशी राहून साखर खाली गेली तर काय होते, ते आपण श्रावणात पाहिले आहे. गीझर बंद करूनच आंघोळीला जायचे आणि सिलिंडर कोणीही उचलायचा नाही. शेजारच्या काकूंना मी सांगून ठेवले आहे, त्या सकाळ-संध्याकाळ डोकावतील. त्याचा राग मानू नका, मला झोप लागावी म्हणून केले आहे. मी रोज रात्री नऊला फोन करीन.

आई, रविवारी आम्ही कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला जाणार आहोत. तुझी ओटी राहून गेली आहे, ती मी तुझ्या नावाने भरीन. खण हिरवा घेऊ की जांभळा, तेवढे फोनवर सांग.

तुमची,
चिमी