मशीन दुरुस्त करू की नवीन घेऊ, तूच सांग

प्रिय वैशू,

फोनवर सांगायचं म्हटलं की तुझ्याकडे मुलाचा क्लास नाहीतर माझ्याकडे कुकरच्या शिट्ट्या, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू सगळं. विषय एकदम फालतू आहे, आधीच सांगते. वॉशिंग मशीन.

ते आमचं फ्रंट लोड, २०१४ च्या दिवाळीत घेतलेलं, तू पण होतीस की दुकानात, सेल्समनशी भांडून स्टँड फुकट मिळवला होतास. तर ते आता स्पिनला लागलं की घरात विमान उतरतंय असं वाटतं. धुताना निमूट फिरतं पण मिनिटाला १००० फेऱ्यांवर गेलं की सुरू. खालच्या काकूंनी परवा लिफ्टमध्ये एकदम गोड आवाजात विचारलं, तुमच्याकडे फर्निचरचं काम काढलंय का गं?

मग कंपनीचा माणूस बोलावला. त्याने मशीन रिकामं फिरवून बघितलं आणि पाच मिनिटांत निकाल, बेअरिंग गेलं मॅडम (ड्रम ज्याच्या आधाराने गरगर फिरतो ते गोळ्यांचं कडं), पण ते सुटं मिळत नाही, अख्खी टब असेंब्ली बदलायची, चौदा हजार, आणि एवढे घालण्यापेक्षा नवीनच घ्या, पैसे वसूल झालेत तुमचे. व्हिजिटचे पैसे घेतले आणि जाताना एक्सचेंज ऑफरचा कागद ठेवून गेला! म्हणजे दुरुस्तीचा भाव सांगणारा तोच आणि नवीन विकणाराही तोच, मग तो काय सांगणार गं दुसरं. नितीनला ती मशीनवरची '१० वर्षं वॉरंटी' आठवली, पण ती फक्त मोटरची असते आणि मोटरला काही धाड भरलेली नाही, वर ती दहा वर्षंही उलटून गेलीत.

मला काय चैन पडेना. प्लग काढला, दार उघडलं आणि ड्रमची आतली वरची कड धरून वर उचलून बघितली तर चांगलीच खटखट हलते. हलायला नको असते म्हणे, म्हणजे बाहेरच्या टबसकट सगळं एकत्र झुललं तर ठीक, पण आतला ड्रम एकटाच हलला की बेअरिंग. हाताने फिरवलं तर वाळूत काहीतरी फिरल्यासारखी घरघर. मागचं झाकण नितीनने काढलं, टॉर्च मारला तर पुलीच्या मधून खाली गंजाचा तपकिरी ओघळ, वाळलेला. म्हणजे आधी पाणी अडवणारं रबरी सील गेलं, मग पाणी बेअरिंगमध्ये शिरलं, ग्रीस धुऊन गेलं आणि गंज.

मग शेजारच्यांनी हडपसरचा एक मेकॅनिक सुचवला. हा दादा वेगळाच प्रकार आहे. त्याने खिशातून दुसऱ्या कुणाच्या मशीनमधलं काढलेलं बेअरिंग काढून माझ्या हातात दिलं, फिरवा म्हणाला. बोटाने फिरवलं तर अडकत अडकत जात होतं आणि बोटाला लालसर काळं लागलं. कडेला नंबर कोरलेला, ६२०५. म्हणाला ताई हे काय कंपनीचं नाहीये, ह्याच नंबरचं पाण्याच्या मोटरीत पण बसतं, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं, तुमच्या मशीनचा नंबर काय तो उघडल्यावर कळेल. दोन बेअरिंग, सील आणि मजुरी मिळून साडेचार हजार, सहा महिने जबाबदारी त्याची.

पण त्याने एक अट घातली आणि तिथेच माझा त्याच्यावर विश्वास बसला. ड्रमच्या मागे तीन पायांचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा असतो, त्याला स्पायडर म्हणतात, ड्रमचं सगळं वजन त्याच्यावर. वर्षानुवर्षं साबण आणि पाणी साचून तो खाल्ला जातो. तो पोखरलेला निघाला किंवा मधला शाफ्ट, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा दांडा, झिजलेला असला तर नवीन बेअरिंग घालून काही उपयोग नाही, मग मी पैसे लावायला सांगणार नाही म्हणाला, खोलायची मजुरी तेवढी द्या. जुन्या मॉडेलचा स्पायडर शोधण्यात महिने जातात म्हणे.

आता घरातली मतं ऐक. नितीनचा हिशोब, नवीन तीस हजाराच्या आसपास, दुरुस्ती त्याच्या निम्म्याच्या आत असेल तर करा, नाहीतर चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. आई म्हणाल्या, आवाजच करतंय ना, कपडे धुतंय ना, मग राहू दे! पण तसं राहू देता येत नाही, ड्रमचं ते हलणं वाढत गेलं की तो टबला घासतो, मग ते चौदा हजारवालं प्रकरण खरंच होऊन बसतं.

माझं मत सांगू का, तो निम्म्याचा नियम मला अर्धवट वाटतो. मशीनचं वय आणि दुरुस्तीचं बिल एवढंच बघून काय कळणार? कुठला भाग गेलाय ते बघ ना. ड्रेन पंप, पाणी घेणारा व्हॉल्व्ह, दाराचं रबर, बेल्ट, हे गेलं तर मशीन कितीही म्हातारं असो, डोळे मिटून दुरुस्त कर. पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड, गेला तर विचार कर, कारण जुन्याचा मिळत नाही आणि मिळाला तर सेकंडहँड. बेअरिंग ह्याच्या मधोमध. आणि मुख्य म्हणजे आमच्या मशीनचा टब स्क्रूने जोडलेला आहे, उघडता येतो. नवीन बऱ्याच मॉडेल्सचा टब चिकटवून कायमचा बंद केलेला असतो, तो करवतीने कापून परत जोडायचा म्हणजे गळतीला आमंत्रण. म्हणजे तीस हजार घालून मी कदाचित कमी दुरुस्त होणारी वस्तू घरात आणणार. सरकारने २०२२ च्या डिसेंबरात राइट टू रिपेअरचं, म्हणजे वस्तू दुरुस्त करून घेण्याच्या हक्काचं, पोर्टल काढलं ते पण मी बघून आले, पण माझा टब काय तिथून येणार नाही.

टॉप लोड घे असं तू मागे म्हणाली होतीस, वाकावं लागत नाही हे खरंय आणि माझ्या कमरेलाही पटतं. पण आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे टँकर गं, आणि टॉप लोड पाणी पितं. तुझ्याकडे गोदामाईची कृपा, तुला काय!

तर रविवारी दादा येऊन मशीन खोलणार आहे. स्पायडर आणि शाफ्ट ठणठणीत निघाले तर साडेचार हजार देऊन मोकळी. नाही निघाले तर नवीन फ्रंट लोडच, आणि ह्या वेळी दुकानात किती स्टार, किती प्रोग्राम हे नंतर, आधी टब उघडतो का ते विचारणार, सेल्समन वेडी म्हणाला तरी चालेल. आणि जुनं भंगारवाल्याला देणार नाही, दादाच सुट्या भागांसाठी घेऊन जातो म्हणालाय.

तोवर तू एक कर. तुझ्या त्या नणंदेकडे दोन वर्षांपूर्वी घेतलेलं फ्रंट लोड आहे ना, तिला मॉडेल नंबर विचारून मला पाठव, आणि रोज वापरते की नुसतं झाकून ठेवते ते पण. आणि पिंकीच्या साखरपुड्याला तू शुक्रवारीच येणार आहेस की शनिवारी सकाळी, ते नक्की कळव, कारण मशीन उघडं पडलेलं असलं तर बाल्कनीत पाय ठेवायला जागा नसेल आणि तुझी गादी हॉलमध्ये टाकावी लागेल.

तुझीच,
स्मिता