'वेड लागले' एवढ्यावर बोळवण नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ध्रुवीय मोहिमांवरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. पण त्यात सिडनी जेफ्रीझ या बिनतारी ऑपरेटरला 'वेड लागले' एवढ्यावर वाटेला लावलं आहे. उमेदीची वर्षं मालवाहू जहाजांच्या रेडिओ केबिनमध्ये काढलेल्या माणसाला हे खटकणारच.

जेफ्रीझ फेब्रुवारी 1913 मध्ये अंटार्क्टिकात केप डेनिसनला उतरला. मोहिमेचा प्रमुख मॉसन धरून बाकीच्या सहाजणांनी आधीचा हिवाळा तिथेच काढला होता आणि निनिस व मर्ट्झ हे दोन सोबती नुकतेच गमावले होते. त्या सुतकी झोपडीत हा एकटा नवखा. कामही रात्रीचं, कारण अंधारात त्या लहरी लांब पोचतात. सगळे झोपले की हा मॅक्वारी बेटावरच्या बिनतारी केंद्राचा मोर्स सूर शोधत बसणार. निरोप तिथून पुढे ऑस्ट्रेलियाला जायचे.

वाऱ्यावर उडणाऱ्या बर्फाने एरियलवर, म्हणजे लहरी पकडणाऱ्या तारेवर, विद्युतभार चढतो आणि कानात नुसती तडतड होते. तिच्या तळाशी हवा तो बारीक सूर. एखादं अक्षर हुकलं तर जागा कोरी सोडून पेन्सिल पुढे न्यायची. हुकलेलं आठवत बसलात की पुढची चार गेलीच. ध्रुवीय प्रकाश जोरात असला की तेवढंही ऐकू येत नाही. जूनमध्ये वादळाने एरियलचा खांब पाडला, तो ऑगस्टमध्ये पुन्हा उभा राहिला. मधल्या त्या रिकाम्या आठवड्यांतच सोबती आपल्या जिवावर उठलेत असं जेफ्रीझला वाटू लागलं. 1942 मध्ये तो मनोरुग्णालयातच वारला. कामानेच त्याचं डोकं फिरलं असं मी म्हणत नाही, मी काही डॉक्टर नव्हे. पण तो कुठे आणि काय करत बसला होता, हे तरी सांगायला हवं होतं.

शिवाय ऑपरेटरच्या पोटात सगळ्यांची गुपितं. एका खलाशाची आई गेल्याची तार मीच उतरवून घेतली होती. पाळी संपल्यावर सांगू, असं कप्तान म्हणाले. तोवर जेवणाच्या टेबलावर तो माझ्यासमोर बसून थट्टामस्करी करत होता.

आणि सोव्हिएत रेडिओ ऑपरेटर क्रेंकेल लेखात कसे नाहीत? जानेवारी 1930 मध्ये उत्तर ध्रुवाजवळच्या फ्रान्झ जोसेफ लँड बेटांवरून त्यांनी थेट अंटार्क्टिकातल्या अमेरिकी संशोधक बर्डच्या तळाशी लघुलहरींवर संपर्क साधला. 1934 मध्ये 'चेल्युस्किन' हे जहाज बुडाल्यावर बर्फावर अडकलेल्या 104 जणांचा जगाशी दुवा त्यांच्याच यंत्राने राखला, म्हणून विमानं पोचली. मोहिमेच्या प्रमुखांवर स्वतंत्र चौकट छापता, तर यांनाही दोन ओळी मिळायला हरकत नव्हती.

अंटार्क्टिकातल्या एका हिमनदीला आता जेफ्रीझचं नाव आहे. पुढच्या अंकात निदान तेवढी माहिती द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त रेडिओ ऑफिसर