पडवीच्या भिंतीवर टीव्ही लावण्याआधी

प्रिय दादा,
सा. न.

पडवीत टीव्ही लावायचं ठरतंय, असं वहिनीकडून कळलं. कोणता घ्यायचा हे तू विचारलंस, पण त्याआधी भिंत आणि वायरिंगचं बघू. डोक्यावर छप्पर असलं की सरळ पाऊस लागत नाही. पाणी आत येतं ते आपणच पाडलेल्या भोकातून आणि वायरीवरून, नि ते कित्येक दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही.

जागा ठरवताना एखाद्या वाऱ्यापावसाच्या दिवशी बाहेर जाऊन भिंत बघ. तिरक्या सरीने ती कुठवर भिजते, तिथे खडूने रेघ मार आणि टीव्हीची खालची कड त्या रेघेच्या वरच ठेव. पडद्याचं तोंड उत्तरेकडे असेल तर उत्तम. पश्चिमेकडे अजिबात नको. साधे टीव्ही बहुधा ० ते ४० अंश सेल्सियससाठी बनवलेले असतात आणि उन्हात काळा पडदा त्याच्या कितीतरी वर तापतो, टीव्ही बंद असला तरी. एलसीडी फार तापला की पडद्यावर काळे डाग उमटतात. थंड झाल्यावर ते जातात, पण रोज तसं होऊ देणं म्हणजे पॅनेलचं आयुष्य कमी करणं. ओएलईडी, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो तो पडदा, तर बाहेर नकोच.

आता भिंत. आधी बोटांनी ठोकून बघ. पोकळ आवाज आला तर तिथला गिलावा सुटलेला आहे, ती जागा सोड. गिलावा वजन धरत नाही, धरते ती वीट. पंधरा-वीस मिलिमीटर गिलाव्यानंतर अँकर, म्हणजे भोकात घट्ट बसून बोल्ट धरणारा खुंटा, विटेत निदान ५० मिलिमीटर गेला पाहिजे, म्हणजे भोक ८० मिलिमीटरच्या आसपास खोल. ते विटेच्या मध्यावर पाड, सांध्यात नको, कारण सांध्यातला मसाला कुरतडला जाऊन अँकर फिरायला लागतो. भोकातली धूळ ब्रशने आणि फुंकणीने पूर्ण काढ. धूळ राहिली की अँकर घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि महिन्याभरात ढिला पडतो. वीट जुनी, भुसभुशीत असेल तर फुगणारा लोखंडी अँकर तिला चीर पाडतो. तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट, वापर. पोकळ ब्लॉक असेल तर केमिकल अँकरबरोबर जाळीची नळीही लागते, नाहीतर सगळं रसायन पोकळीत उतरतं. एएसी ब्लॉकला, म्हणजे बारीक छिद्रांच्या हलक्या काँक्रीटच्या ब्लॉकला, त्याचेच खास प्लग मिळतात. ड्रिलचा ठोके देणारा हॅमर मोड बंद ठेवूनच तिथे भोक पाड.

टीव्हीच्या ब्रॅकेटला पुढे ओढता येणारा, फिरणारा हात हवा, असं वहिनी म्हणत होती. त्याचा हिशेब नीट समजून घे. टीव्ही २० किलोचा आणि हात भिंतीपासून ५० सेंटिमीटर बाहेर आला, तर वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये २० सेंटिमीटर अंतर असताना वरच्या बोल्टवर भिंतीतून उपटणारा ओढा ५० किलोचा पडतो. त्यात वारा वेगळा, कारण पडदा शिडासारखा वारा धरतो. माझं मत विचारशील तर साधा, थोडा खाली झुकणारा ब्रॅकेट घे. झुकवल्याने आकाशाचं प्रतिबिंबही कमी होतं. टीव्हीच्या मागच्या चार भोकांचं अंतर, म्हणजे व्हेसा माप, मोजूनच ब्रॅकेट आण. बोल्ट, वॉशर सगळे स्टेनलेस ३०४ चे, आणि समुद्राची हवा असेल तर ३१६ चे. रंग दिलेलं लोखंड ओरखड्यापासून गंजतं आणि भिंतीवर तांबडे ओघळ येतात.

ब्रॅकेटच्या पट्टीभोवती सिलिकॉन वर आणि दोन्ही बाजूंना भर. खालची कड मोकळी ठेव. चारही बाजू बंद केल्या तर मागे गेलेलं पाणी तिथेच कोंडतं.

वायर घरातून बाहेर येते ते भोक घरातून बाहेरच्या दिशेने उतरतं पाड, म्हणजे पाणी आत न वाहता बाहेर येईल. एचडीएमआयचं टोक रुंद असतं, ते मावेल एवढा पाइप घाल, टोक कापून पुन्हा जोडत बसू नका. मग सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: प्रत्येक वायर सॉकेटमध्ये किंवा टीव्हीत शिरण्याआधी हातभर खाली लोंबू दे आणि मग वर घे. वायरीवरून ओघळणारं पाणी त्या तळाशी जमून टपकतं, पिनांपर्यंत पोचत नाही. सरळ वरून खाली आलेली वायर पाणी थेट टीव्हीत नेते.

विजेचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घे. सॉकेट आयपी ६६ च्या, म्हणजे धूळ आणि पाण्याचा जोराचा फवारा आत न येऊ देणाऱ्या, झाकणाच्या डब्यात हवं आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच, हवाच. यात काटकसर करू नकोस, ओल्या हाताने, अनवाणी पायाने माणसं तिथे वावरणार. अर्थिंगही तपासून घे. विजांचं वादळ येणार असं दिसलं की आधीच प्लग तर काढच, डिशची केबलसुद्धा काढ; विजा सुरू झाल्यावर मात्र त्यांना हात लावू नकोस.

आता टीव्ही. घरातल्या टीव्हीचा उजेड साधारण २५० ते ४०० निट (पडद्याच्या उजेडाचं माप) असतो, तो संध्याकाळनंतर पुरतो. दिवसा सावलीत बघायचं असेल तर ७०० तरी हवेत. बाहेरसाठीच बनवलेला, आयपी ५५ चा टीव्ही महाग पडतो, पण धूळ आणि पाण्याचे फवारे सोसतो. घरातलाच लावणार असाल तर वॉरंटीच्या अटी आधी वाच, बाहेरचा वापर त्यात बहुधा वगळलेला असतो. मागच्या जाळीतून पाल आत गेली की सर्किट बोर्ड जाऊ शकतो, पण म्हणून जाळी टेपने बंद करू नका, उष्णता कोंडेल.

कव्हर हवा खेळणारं घे, आणि टीव्ही बंद केल्यावर अर्ध्या तासाने घाल. गरम टीव्हीवर लगेच प्लॅस्टिक ओढलं की आत दव धरतं. पावसाळ्यात रोज तासभर चालू ठेवा, आतला ओलावा त्या उबेने सुकतो.

भोकं पाडण्याआधी भिंतीचा, छपराच्या कडेचा आणि वीजबोर्डाचा फोटो पाठव. ब्लॉक कसला आहे ते कळलं की अँकर कुठला घ्यायचा ते लगेच सांगतो. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ