लग्नातली तुकडेबंदी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यात, शिलाई भागात जुलै २०२५ मध्ये दोन भावांनी एकाच मुलीशी जाहीरपणे लग्न केले. तेव्हापासून बहुपतित्वाचे दोन खुलासे सगळीकडे फिरत आहेत. डोंगरात बायका कमी म्हणून ही चाल पडली, हा एक. निसर्गातही असेच असते, अनेक नरांशी जोडी जमवणारी कमळपक्ष्याची मादी पाहा, हा दुसरा. आपल्या पुरवणीतल्या लेखातही हे दोन्ही आले आहेत. पहिला हिमालयाला लागू पडत नाही आणि दुसऱ्यात उदाहरणच उलटे निवडले आहे.

मेल्विन गोल्डस्टीन या मानववंशशास्त्रज्ञाने नेपाळमधल्या तिबेटी वस्त्यांत मोजदाद केली, तेव्हा २० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ३१ टक्के बिनलग्नाच्या निघाल्या. तुटवडा असता तर या आल्या कुठून? तीन भावांत मिळून एक सून आली की गावात दोन मुली उरणारच. त्या माहेरीच राहतात, दुसऱ्याच्या घरी राबतात किंवा वेगळी चूल मांडतात. लग्न झालेल्या बाईला सरासरी ३.३ मुले आणि न झालेलीला ०.७, असाही आकडा त्यांनी दिला आहे. लोकसंख्येला आवर बसतो तो असा, पण तो या चालीचा परिणाम आहे. तिचे मूळ शेतात आहे.

आपल्याकडच्या वाचकाने खातेफोड आठवावी. ३० बिघे तीन भावांत वाटले की दहा-दहा. प्रत्येकाला तीन मुलगे धरले, तर पुढच्या वाटणीत साडेतीनही येत नाहीत आणि त्याच्या पुढच्या पिढीत जेमतेम एकेक बिघा, त्यातही बांध आलेच. मुंबई राज्याने यावर १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा केला. तिबेटी घराने तेच काम लग्नातून साधले: एका पिढीत एकच लग्न, म्हणजे वारसांचा एकच संच, म्हणजे खाते अखंड. जुन्या तिबेटात जमिनीबरोबर सारा आणि वेठ घरावर येई. एक भाऊ वेठीला गेला तरी शेत कसायला बाकीचे मागे असत. शिवाय वर्षाला एकच पीक देणाऱ्या त्या उंचीवर शेत, जनावरे आणि व्यापार ही तिन्ही कामे एकट्याला पेलत नाहीत. नेपाळच्या हुमला जिल्ह्यातल्या न्यिन्बा लोकांत एक भाऊ नांगराला, दुसरा मेंढ्यांमागे आणि तिसरा मीठ-धान्याच्या अदलाबदलीला, अशी कामे वाटलेली असत.

याचा पडताळा तिबेटातच पाहायला मिळतो. १९५९ नंतर चिनी राजवटीत जमिनींची फेरवाटणी झाली, पुढे सामूहिक शेतीत त्या घरांच्या हातून गेल्या आणि वाटणी टाळावी असे काही उरलेच नाही. भावांचे सामाईक लग्न ओसरले. १९८० च्या सुमारास माणशी हिस्से मोजून शेते पुन्हा घरांकडे आली, मात्र पुढे जन्मणाऱ्यांना नवा हिस्सा नव्हता. त्सांग भागातल्या गावांत ही लग्ने पुन्हा लागू लागली.

लेखात ‘भावाभावांतला आदर्श सलोखा’ असा शब्दप्रयोग आहे. तो वाचून हसू आले. हे घर फुटते, आणि फुटण्याची कारणेही ठरलेली आहेत. पहिले कारण वयाचे. थोरला २५ चा, नवरी २२ ची आणि धाकटा १२ चा असेल, तर धाकटा विशीत येतो तेव्हा ती तिशीची असते, तिला दोन-तीन मुले झालेली असतात आणि घरात शब्द थोरल्याचा चालतो. धाकट्याला आपल्या वयाची बायको हवीशी वाटते. हातात रोख पैसा देणारी नोकरी किंवा व्यापार आला की तो बाहेर पडतो. दुसरे कारण संख्येचे. दोघे-तिघे निभावतात; चार-पाच झाले की कोणाच्या तरी वाट्याला कमी येते, मग ते बायकोचे लक्ष असो की मुले. बायकोने कोणालाही झुकते माप देऊ नये ही अपेक्षा सगळीकडे आहे. तिला मूल झाले नाही तर दुसरी आणतात, बहुधा तिचीच बहीण. म्हणजे दोन-तीन नवरे आणि दोन बायका असे घर तयार होते, ज्याला नुसते ‘बहुपतित्व’ हे नाव पुरत नाही.

बाप कोण, हा प्रश्नही प्रत्येक समाजाने आपापल्या हिशेबाने सोडवला. न्यिन्बांत आई दिवस मोजून नाव सांगते आणि वाटणीची वेळ आलीच तर ते नाव कामी येते. शेजारच्या लिमी खोऱ्यात असा शोध घेतच नाहीत. निलगिरीच्या तोडा जमातीत गरोदरपणाच्या सातव्या महिन्याच्या सुमारास एक भाऊ बायकोच्या हाती धनुष्यबाण देई. दुसऱ्या कोणी तो विधी करेपर्यंत होणारी सगळी मुले त्याची. (तुटवड्याचा खुलासा थोडाफार लागू पडतो तो या तोडांना, कारण त्यांच्यात मुली मारण्याची चाल होती.)

यात कोणाला ‘स्त्रीसत्ता’ दिसत असेल तर त्यांनी सातबारा कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. हिमालयात जमीन पुरुषांच्या वंशात राहते आणि बाई परक्या घरातून येते. सिरमौरच्या ‘जाजडा’ पद्धतीत वऱ्हाड मुलीकडून निघून मुलाच्या गावी येते. तेवढ्याने जमिनीची मालकी बदलत नाही. मलबारच्या नायरांचे उलट होते. तिथे घर आणि जमीन आईच्या वंशाची, नवरे रात्री येऊन सकाळी आपापल्या आईच्या घरी परतणारे, एकमेकांचे भाऊ नसलेले. सुईणीचा खर्च दिला की पितृत्व कबूल झाले. ‘बहुपती’ या एकाच शब्दात हे दोन्ही कोंबले की घोटाळा होतो.

आता कमळपक्षी. नांदूर मध्यमेश्वरसारख्या पाणथळीत दिसणाऱ्या या पक्ष्यात मादी थोराड असते आणि पाण्यातली जागा ती राखते. एका नराच्या तरंगत्या घरट्यात चार अंडी घालून ती पुढच्या नराकडे जाते. जवळजवळ चार आठवडे उबवणे आणि पुढची राखण नराकडे. अंड्यांतून निघालेली पिल्ले लगेच चालती होतात, म्हणून एक पालक पुरतो. यात नर वेगवेगळ्या घरट्यांत एकेकटे असतात आणि जागा मादीची असते. जोडायचाच असेल तर हा पक्षी, ओढूनताणून का होईना, नायरांच्या बाजूला जाईल. शिलाईशी त्याचा संबंध नाही. निसर्गाच्या गोडव्याबद्दलही थोडे: पनामात कमळपक्ष्याच्या एका जातीत जागेवरची मादी हटवून पाहिली, तेव्हा नव्या माद्यांनी येऊन आधीची पिल्ले मारली आणि त्याच नरांशी घरटे मांडले.

भावांच्या सामाईक लग्नाशी खरे साम्य शोधायचे तर टास्मानियाच्या पाणकोंबडीकडे जावे. तिच्यात दोन नर आणि एक मादी असे त्रिकूट आढळते, नर पुष्कळदा भाऊ असतात आणि असे त्रिकूट जोडीपेक्षा जास्त पिल्ले वाढवते. गंमत अशी की या पक्ष्यात माद्या खरोखरच कमी आहेत.

शेवटी कायदा. ‘१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ही लग्ने आपोआप बेकायदा आहेत’ हे लेखातले विधान अपुरे आहे. त्या कायद्याच्या कलम ५ ने दुसऱ्या जोडीदाराला मनाई केली, पण कलम २(२) प्रमाणे केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय तो कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. लडाखमध्ये मात्र बौद्धांच्या बहुपतिविवाहांवर १९४१ पासूनच स्वतंत्र बंदी होती. सिरमौरच्या हाटी समाजाला जमातीचा दर्जा संसदेने २०२३ मध्ये दिला, हिमाचल उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये त्याला अंतरिम स्थगिती दिली, आणि याच समाजातले शिलाईचे लग्न त्यानंतरचे आहे; म्हणजे जमातींची ती सूट त्याला लागू होते का, हा प्रश्न उरतोच.

आपला,
समाजशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, नाशिक