दुर्जनांचा हेवा आणि आसाफाची कबुली

माननीय संपादक महोदय,

लबाडी करणाऱ्यांची भरभराट पाहून सरळमार्गी माणसाचे मन खट्टू होते, ही तक्रार आजची नाही. बायबलमधील 73व्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता आसाफ कबूल करतो की, दुर्जनांची सुबत्ता, धष्टपुष्ट शरीरे आणि निर्धास्त वागणे पाहून त्याला त्यांचा हेवा वाटला, आपण मन शुद्ध राखले ते व्यर्थच असे वाटू लागले आणि त्याचा पाय घसरण्याच्या बेतात होता. धर्मग्रंथाने अशी कबुली जपून ठेवावी, हे मला उपदेशापेक्षाही मोलाचे वाटते. 17व्या वचनात, देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर, त्याची दृष्टी पालटते. दुर्जनांची स्थिती मात्र तोवर होती तशीच असते.

हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलेले 37वे स्तोत्र, दुष्ट गवतासारखे लवकर सुकतात म्हणून जळफळाट न करता भले करीत राहावे, असे सांगते. बायबलमधीलच ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात हेव्याविरुद्धचा इशारा पहिल्या आणि 19व्या वचनात येतो. पण त्या दोहोंच्या मध्ये, 17व्या वचनात, शत्रू पडल्यास आनंद मानू नये असेही बजावले आहे. निदान मी ऐकलेल्या प्रवचनांत तरी हे मधले वचन सहसा वगळलेच जाते.

आपला,
एक नियमित वाचक