नकार द्या, पण कळवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी अंकांसाठी साहित्य मागवणारी निवेदने ठिकठिकाणी प्रसिद्ध होऊ लागली आहेत. ‘केवळ निवड झालेल्या लेखकांनाच कळवले जाईल’ हे वाक्य त्यांत बहुधा असतेच. गोव्यात राहून मराठीत कथा लिहिणाऱ्या आम्हा मंडळींच्या निराशेचे मूळ नकारापेक्षा या वाक्यात अधिक आहे, असे माझे मत झाले आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, त्याला शतक उलटून गेले, तरी नवा मराठी कथाकार आजही आधी दिवाळी अंकाचेच दार ठोठावतो. कथा पावसाळ्याच्या तोंडावर पाठवायची, ती अन्यत्र पाठवायची नाही अशी अट पाळायची आणि अंक बाजारात आल्यावर अनुक्रमणिकेत आपले नाव शोधायचे; तिथे ते नसले, तर कथेचे ते वर्ष वाया गेलेले असते. पूर्वी पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडण्याची पद्धत होती. आमच्या फोंड्यातील एका ज्येष्ठ कथाकारांनी ‘साभार परत’ची अशी एक चिठ्ठी अजून जपून ठेवली आहे. छापील मजकुराखाली संपादकांनी शाईने लिहिले आहे, ‘कथा आईच्या पत्रापाशीच संपते. पुढची दोन पाने कशाला?’ ती पाने गाळलेली कथा पुढे दुसऱ्या अंकाने छापली. आज असे दोन शब्द कोण लिहितो?

नकाराची कारणेही दरवेळी साहित्यिक नसतात. अंक सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या गठ्ठ्यांत, बांधला जातो. ऐनवेळी जाहिराती कमी आल्या की एखादा फर्मा गळतो आणि त्याबरोबर निमंत्रितांच्या नव्हे, तर नवख्यांच्या कथा गळतात. अर्थात कच्च्या कथेचे खापर फर्म्यावर फोडण्यात अर्थ नाही, पण आपली कथा कच्ची होती की पाने कमी पडली, हे मौनातून कळावे कसे?

या मौनाला कंटाळलेला लेखक मग स्वखर्चाने पुस्तक काढतो. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी निवृत्तीच्या पैशांतून कथासंग्रह छापून घेतला. प्रकाशन समारंभ थाटात झाला, वितरण मात्र कोणीच केले नाही. आता पलंगाखालच्या खोक्यांतील प्रती दर पावसाळ्यानंतर उन्हात घालाव्या लागतात, आणि तरीही कोपऱ्यांना बुरशी धरते ती धरतेच. त्यांनी त्यानंतर एकही कथा लिहिलेली नाही, याचे मला जास्त वाईट वाटते.

लेखकबंधूंनीही एक ध्यानात ठेवावे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार हक्क लेखी स्वरूपातच दुसऱ्याला देता येतात. नुसती कथा पाठवल्याने ती संपादकांच्या मालकीची होत नाही. वाजवी काळ वाट पाहावी, कथा मागे घेत असल्याचे ईमेलने कळवावे आणि ती खुशाल दुसरीकडे पाठवावी.

संपादकांकडे शेकड्यांनी कथा येत असतील आणि प्रत्येकीवर अभिप्राय लिहिणे शक्य नाही, हे मान्य. परंतु ‘अमुक तारखेपर्यंत न कळवल्यास लेखक कथा अन्यत्र पाठवण्यास मोकळा आहे’ एवढी ओळ निवेदनात घालण्यास ना खर्च आहे, ना वेळ. आपल्या दैनिकाच्या दिवाळी अंकाचे निवेदन अजून प्रसिद्ध व्हायचे आहे. त्यात ही ओळ तारखेसह छापावी, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक कथालेखक, फोंडा, गोवा