तंजावरहून पत्र

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, "एकाच गावात महिनाभर बघतेस तरी काय?" असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. मीटिंग सुरू होत होती म्हणून नुसती हसले. आता लिहिते.

मी सहावीत असताना आपण नऊ दिवसांची दक्षिण भारत टूर केली होती, आठवतंय? तंजावरला दीड तास मिळाला, त्यातला निम्मा आईच्या चपला शोधण्यात गेला. बृहदीश्वरापुढे ग्रुप फोटो, की निघाली बस मदुराईला. जानेवारीत मी तोच वेडेपणा लॅपटॉप घेऊन केला. पंधरा दिवसांत हंपी, गोकर्ण, कोची. रात्री प्रवास, सकाळी नव्या लॉजवर वायफाय बंद. एकदा क्लायंटशी बोलताना मागून कंडक्टर गावांची नावं पुकारत होता! काम धड नाही, बघणं धड नाही, पैसा मात्र पाण्यासारखा गेला.

इथे खोली महिन्याच्या बोलीनं घेतली. रोजचा खर्च लॉजच्या निम्म्याहून कमी पडतो. पहिल्या आठवड्यात मी देऊळ पाहिलंसुद्धा नाही. उद्या आहेच की, म्हणून निवांत काम केलं.

मग गल्लीतला वीणा करणारा सापडला. फणसाचं खोड कोरून, आतून पोखरून तो भोपळा करतो. सातला लॉगआउट केलं की मी त्याच्या पायरीवर. भाषेची बोंब, पण बसायला पाट मिळतो. गेल्या आठवड्यात तो पडदे बसवत होता. पितळेचे चोवीस पडदे, काळ्या मेणात. एक रोवायचा, तार छेडायची, कान द्यायचा, मेण ऊबदार आहे तोवर केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायची. एका संध्याकाळी जेमतेम चार बसले. तिसऱ्यापासून तो का मान हलवतो ते मलाही ऐकू यायला लागलं. दीड तासात हे कुठून कळणार?

सगळं गोड आहे असंही नाही. दुरुस्तीसाठी एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीज नव्हती. पेपरात आधी छापून आलं होतं म्हणे, पण तमिळ मला कुठे वाचता येतंय! आता घरमालकीणबाई आदल्या रात्रीच दार वाजवून खुणेनं सांगतात. आणि खरं सांगते, तिसऱ्या रविवारी एकटेपणानं रडले.

त्याच संध्याकाळी देवळात गेले. ओवरीच्या भिंतीवर हात ठेवला आणि दचकले. मराठी! 1803 साली दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसल्यांचा इतिहास तिथं कोरून घेतलाय. व्यंकोजींपासूनचं हे मराठी राज्य, पुस्तकात वाचलेलं. टूरमध्ये आपण त्याच भिंतीजवळून गेलो असणार, गाइडच्या झेंड्यामागे धावत.

बाबा, नोकरीत तुम्ही जमिनीचे मोडी कागद वाचायचात ना? इथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. बघायला परवानगी लागते का, ते विचारून ठेवते. दोघंही या, पण निदान तीन आठवडे. आई, तू दुपारी झोप काढ. मी कामात असेन आणि तुला कुठंही धावायचं नाहीये. चेन्नईहून रात्रीची गाडी आहे. लोअर बर्थ मी बघते, तारीख तेवढी कळवा.

तुमची,
मनू